क्रियापद सापडलं, पण गोष्ट दुसरीकडेच होती

चार वेळा. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची 'ॲब्सलम, ॲब्सलम!' ही कादंबरी मी चार वेळा उघडली आणि चारही वेळा पहिल्याच वाक्यात आडवी झाले. पहिल्या पानात नाही हं, पहिल्या वाक्यात. एकशे वीसेक शब्दांचं आहे ते, बोटानं मोजलेत मी, आणि दर वेळी सत्तराव्या शब्दाच्या आसपास माझी गाडी घसरायची, मग परत मागे जायचं, परत सुरुवात करायची, तेवढ्यात फोनवर काहीतरी वाजायचं आणि मग झालंच, पुस्तक उशीखाली. पाचव्यांदा मात्र मी पेन्सिल घेऊन बसले. याचं श्रेय आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना.

मी अकोल्याची, मराठी मीडियमची. शाळेत आम्हाला क्लॉज ॲनालिसिस नावाचा प्रकार होता. सर फळ्यावर एक लांबलचक वाक्य लिहायचे आणि म्हणायचे, आधी क्रियापदं हुडका, जेवढी क्रियापदं तेवढे क्लॉज, म्हणजे वाक्यातली छोटी वाक्यं. मग त्यातला प्रिन्सिपल कुठला, सबऑर्डिनेट कुठला, सबऑर्डिनेट असेल तर नाऊन की ॲडजेक्टिव्ह की ॲडव्हर्ब. मराठीच्या तासाला हीच कथा वेगळ्या कपड्यात, मुख्य वाक्य, गौण वाक्य, दोन्ही मिळून मिश्र वाक्य. आणि सरांचं एक म्हणणं डोक्यात असं पक्कं बसलेलं की आजही हलत नाही: प्रिन्सिपल क्लॉजमध्ये मुख्य गोष्ट असते, बाकी सगळं तिचं शेपूट.

तर पेन्सिल घेऊन फॉकनरचं मुख्य वाक्य काढलं. काय निघालं? 'ते बसले.' बास. इंग्रजीत दोन शब्द, आणि तेही अठरा शब्द होऊन गेल्यावर येतात. आधी सप्टेंबरातली दुपार येते, दोनच्या जरा नंतरपासून ते जवळजवळ सूर्य बुडेपर्यंतची, तिला लागोपाठ पाच विशेषणं, लांबलेली निश्चल तापलेली थकलेली मेलेली, मध्ये एक कॉमा नाही. मग ते बसले. कुठे बसले, तर मिस कोल्डफील्ड जिला अजूनही ऑफिस म्हणते त्या खोलीत. का म्हणते, कारण तिचे वडील म्हणायचे. कसली खोली, तर अंधारी, गरम, हवा नसलेली, जिच्या खिडक्यांच्या झडपा त्रेचाळीस उन्हाळे बंद आहेत. का बंद, कारण ती लहान मुलगी असताना कोणाचा तरी समज होता की उजेड आणि वाहती हवा उष्णता आणतात आणि अंधार नेहमी थंडच असतो. मग पुढे ऊन त्या बाजूला चढत जातं तसे झडपांच्या फटींतून पिवळे पट्टे पडतात, पट्ट्यांत धूळ, आणि ती धूळ बघून तिच्यासमोर बसलेल्या क्वेंटिन नावाच्या पोराला वाटतं हे त्या झडपांच्याच जुन्या वाळलेल्या रंगाचे कण असणार, वाऱ्यानं आत उडवल्यासारखे.

(अकोल्याच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही खरं तर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की आमच्याकडे बारानंतर दारं-खिडक्या लावून सगळे अंधारात पडून असतात. माझ्या आत्याच्या घरी तर दक्षिणेकडची खिडकी मी आजपर्यंत उघडी बघितलेली नाही.)

आता त्या वाक्यातली दोन 'कारण' बघा. दोन्ही आपल्याला मागे नेतात. पहिलं वडिलांकडे, दुसरं लहानपणाकडे. 'ते बसले' एवढंच आत्ताचं, आणि त्याला जो क्लॉज येऊन चिकटतो तो भूतकाळातून येतो. आणि कादंबरीही तशीच आहे, म्हणजे १९०९ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका गावात ही म्हातारी मिस कोल्डफील्ड त्या तरुण क्वेंटिनला बसवून सिव्हिल वॉरच्या आधीपासूनची एका घराण्याची धूळधाण ऐकवतेय, आणि त्या माणसांकडे आत्ताचं असं फारसं काही उरलेलंच नाही, जे आहे ते सगळं मागचं. फॉकनरनं एका पत्रात म्हटलं होतं की मी सगळं एकाच वाक्यात सांगायचा प्रयत्न करतोय, एका कॅपिटल अक्षरापासून एका फुलस्टॉपपर्यंत. आधी मला ही लेखकांची नेहमीची पोज वाटली होती. पेन्सिल फिरवल्यावर कळलं की माणूस अक्षरशः खरं बोलत होता.

माझी गाडी घसरायची ती जागाही सापडली. 'अँड व्हिच'. हे 'व्हिच' मागच्या खोलीला लागतं, पण खोली राहिली तीसेक शब्द मागे, आणि मध्ये उन्हाळे, मुलगी, कोणीतरी, उजेड, हवा, उष्णता, अंधार एवढी गर्दी होऊन गेलेली, त्यामुळे 'जी' म्हणजे कोण जी हेच कळेना. मी 'व्हिच'पासून खोलीपर्यंत एक बाण काढला आणि वाक्य एकदम उभं राहिलं. एवढ्याशा बाणासाठी चार वेळा पुस्तक ठेवलं होतं!

मग मला प्रश्न पडला की मी घसरते यात माझ्या मराठीचा किती हात आहे. इंग्रजीत विशेषणवाक्य नामाच्या मागून येतं, त्यामुळे वाक्य उजवीकडे वाढत जातं, मालगाडीला डबे जोडावेत तसं, आणि कितीही वाढलं तरी त्रास होत नाही. जॅकनं बांधलेल्या घराची ती बालगीतातली साखळी आठवा, हा तो कुत्रा ज्यानं त्या मांजरीला सतावलं जिनं त्या उंदराला मारलं ज्यानं अमुक खाल्लं, दोन वर्षांची पोरं म्हणतात ते. पण तेच क्लॉज शेवटी न जोडता मध्ये घुसवले तर? 'द रॅट द कॅट द डॉग चेस्ड कॉट डाइड.' व्याकरणानं शंभर टक्के बरोबर, आणि ऐकणाऱ्याला शून्य टक्के कळतं. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९६३ मध्ये असल्या वाक्यांवर लिहिलंय, की नियम परवानगी देतात पण डोक्यातली जागा पुरत नाही, तीन नामं हातात धरून ठेवायची आणि मग तीन क्रियापदं एकापाठोपाठ अंगावर येतात, कुठलं कोणाचं ते जुळवत बसा.

आता तेच मराठीत म्हणा. 'कुत्र्यानं पिटाळलेल्या मांजरीनं पकडलेला उंदीर मेला.' काही प्रॉब्लेम? काहीच नाही. कुत्र्यानं म्हटलं की लगेच पिटाळलेल्या, मांजरीनं म्हटलं की लगेच पकडलेला, आणि ते शेवटचं 'ल्या' आणि 'ला' सांगून टाकतात की कोण कोणाला बांधलंय. हे बघून मला उगाचच आपल्या भाषेचा अभिमान वाटला, दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी फॉकनरच्या त्या वाक्याचं भाषांतर करायला घेतलं.

काय झालं सांगते. मराठीत क्रियापद शेवटी. म्हणजे 'ते बसले' मधलं 'बसले' पार टोकाला जाणार, आणि खोली, वडील, झडपा, त्रेचाळीस उन्हाळे, तो कोणाचा तरी समज, सगळं त्याच्या आधी भरायचं. मी भरलंही. '...ज्या खोलीला मिस कोल्डफील्ड, वडील म्हणायचे म्हणून, अजूनही ऑफिसच म्हणत, आणि जिच्या झडपा, त्या लहान असताना कोणीतरी उजेडानं उकाडा वाढतो अशा समजुतीनं लावून घेतल्या त्या त्रेचाळीस उन्हाळे तशाच राहिल्या होत्या, त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत ते बसले होते.' व्याकरण ठीक आहे. पण वाचून बघा ना, शेवटी 'बसले होते' कसं येतं! एवढा लवाजमा, एवढी वाट बघायला लावली, आणि शेवटी काय झालं तर ते बसले होते. मूळ वाक्यात ते बसणं चालता चालता होऊन जातं, त्याला वजनच नाही, बसले आणि मग वाक्य त्या उकाड्यात हळूहळू पाघळत जातं. माझ्या मराठीत ते बसणं म्हणजे क्लायमॅक्स झाला. तोडून चार वाक्यं केली तर वाचायला छान होतं, पण मग एका बंद खोलीत कोंडल्यासारखं जे वाटतं ते जातं, चार खिडक्या उघडल्यासारखं होतं.

इंग्रजी लेखनशिक्षणात या दोन चालींना नावं आहेत. मुख्य गोष्ट शेवटपर्यंत अडवून धरणारं ते पिरिऑडिक वाक्य, आणि मुख्य गोष्ट आधी उरकून मग मागे तपशील जोडत जाणारं ते क्युम्युलेटिव्ह. फ्रान्सिस ख्रिस्टेन्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं याच १९६३ मध्ये (काय साल होतं कोणास ठाऊक) ठासून मांडलं होतं की आधुनिक गद्याची खरी करामत त्या मागून जोडलेल्या भागात असते, मुख्य वाक्य नुसती खुंटी. खुंटी हा माझा शब्द हं. आमच्या सरांना हे आवडलं नसतं.

आणि मराठी नेहमीच अडवून धरते असंही नाही, लिहिताना धरते. बोलताना आपण क्रियापद आधी टाकून मोकळे होतो. 'आली होती काल, ती वरच्या मजल्यावरची.' 'दिलेत मी पैसे, तुझ्या त्या दूधवाल्याला.' हे मला हेन्री जेम्स हा कादंबरीकार वाचताना सुचलं. त्याच्या 'द विंग्ज ऑफ द डव्ह'चं, १९०२ सालचं, पहिलं वाक्य असं सुरू होतं की ती वाट बघत होती, केट क्रॉय, तिचे वडील आत येण्याची. आधी सर्वनाम, मग क्रियापद, मग दोन कॉमांच्या मध्ये नाव. शाळेत असं लिहिलं असतं तर लाल रेघ. पण ऐकायला किती घरचं वाटतं! आणि त्या वाक्यात केट वडिलांची वाट बघतेय, ते येत नाहीत, आरशात तिचा वैतागून पांढरा पडलेला चेहरा दिसतो, आणि वाक्य आपल्यालाही तसंच ताटकळत ठेवतं. जेम्स १८९७ च्या सुमारास मनगट दुखायला लागलं म्हणून हातानं लिहायचं सोडून टायपिस्टला तोंडी सांगायला लागला, खोलीत येरझाऱ्या घालत, आणि त्याची नंतरची वाक्यं जी अशी फांद्या फुटत जातात, कॉमा, अजून कॉमा, एक म्हणजे, निदान असं म्हणता येईल की, त्याचं खापर बरेच लोक त्या डिक्टेशनवर फोडतात. मला ते अर्धंच पटतं. तोंडी सांगणारा माणूस पसरट होतो, मान्य, पण जेम्सचं वाक्य शेवटी बरोबर जागेवर येऊन उभं राहतं, आणि बोलणाऱ्याचं सहसा राहत नाही (मी सोसायटीच्या मीटिंगला जाते, मला माहितीये).

बरं, लांब वाक्य ही इंग्रजीकडून शिकायची गोष्ट आहे असंही नाही. आपल्या बखरी काढून बघा, 'येऊन, करून, जाऊन, ऐसे बोलोन' करत वाक्य मैलभर चालतं. मोडीत तर विरामचिन्हं सोडा, दोन शब्दांत फटही ठेवत नसत. मराठीला विरामचिन्हं लावून दिली ती इंग्रजीच्या वळणानं, मेजर कँडीनं १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं पुस्तकच काढलं. पण बखरीतलं लांब वाक्य आणि जेम्सचं लांब वाक्य यात फरक आहे. बखरीत एकामागून एक घडतं, हा उठला, घोड्यावर बसला, तिकडे गेला. जेम्समध्ये एकात एक असतं. लांबी सारखी असेल कदाचित, खोली वेगळी.

म्हणूनच सगळ्यात लांब वाक्याचं ते रेकॉर्डवालं कौतुक मला कळत नाही. गिनेस बुकानं १९८३ मध्ये फॉकनरच्या याच कादंबरीतल्या १,२८८ शब्दांच्या वाक्याची नोंद केली होती. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२२ मध्ये, जेम्स जॉइस या आयरिश लेखकानं 'युलिसिस' कादंबरीचं शेवटचं अख्खं प्रकरण आठ वाक्यांत संपवलेलं आहे, त्यात एकेक वाक्य हजारो शब्दांचं, जवळजवळ विरामचिन्हांशिवाय. जोनाथन को या इंग्लिश लेखकानं २००१ मध्ये १३,९५५ शब्दांचं वाक्य लिहिलं. माइक मॅकॉर्मॅकची 'सोलर बोन्स' ही २०१६ ची कादंबरी म्हणजे एकच वाक्य, शेवटी फुलस्टॉपच नाही. यातली काही पुस्तकं फार चांगली आहेत, 'सोलर बोन्स' तर आहेच. पण शब्द मोजून काय कळणार? फुलस्टॉप काढून टाकले की कुठलंही वाक्य लांब होतं, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज होतं. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'ची ती प्रसिद्ध सुरुवात ११९ शब्दांची आहे, पण तिची रचना म्हणजे कॉमानं जोडलेली छोटी छोटी वाक्यं, दोन-दोनच्या जोड्या, पहिली जोडी कळली की बाकीच्या आपोआप. लांब आहे, अवघड अजिबात नाही. अवघड काय असतं ते मला एका छोट्याशा वाक्यानं शिकवलं.

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्लिश लेखिकेची कादंबरी 'टू द लाइटहाउस', १९२७. पुस्तक शंभरीला आलंय तेव्हा स्पॉयलरची तक्रार करू नका. पहिल्या भागात एका घरातली एक दुपार आणि संध्याकाळ, आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी मिसेस रॅम्झे. आठ मुलं, पाहुणे, जेवणाचं टेबल, तिच्या डोक्यात फिरणारी मोठमोठी वाक्यं, अर्धविरामांनी टाचलेली. वाचता वाचता ती आपल्या ओळखीची बाई होते. मग दुसरा भाग, दहा वर्षं जातात, घर रिकामं, वारा आत येतो, भिंतीचा कागद सुटतो, आणि हे सगळं ऐटदार लांब वाक्यांत. आणि मध्येच चौकोनी कंसात एक वाक्य येतं. साधारण असं: 'एका अंधाऱ्या सकाळी बोळातून धडपडत जाताना मिस्टर रॅम्झेंनी हात पुढे केले, पण मिसेस रॅम्झे आदल्या रात्री तशा अचानकच वारल्यामुळे ते पसरलेले हात रिकामेच राहिले.'

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे निघून गेले होते. दोन ओळींनी थांबले. काय? कोण वारलं? परत मागे.

आता सरांची पेन्सिल काढा. मुख्य वाक्य कुठलं? हात पुढे केले, हात रिकामे राहिले. आणि जिच्यासाठी आपण दीडेकशे पानं वाचली तिचं मरण कुठे आहे? 'हॅविंग डाइड'. धड क्रियापदही नाही, धातुसाधित. सरांच्या नियमानं त्याला क्लॉज म्हणूनसुद्धा मोजायचं नाही, फ्रेज म्हणून सोडून द्यायचं! वर चौकोनी कंस, आणि वर ते 'तशा अचानकच', जसं काही कोणीतरी शेजारच्यांना सांगतंय. ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्तीत या वाक्याचे शब्द थोडे वेगळे आहेत, म्हणजे वुल्फनं यावर हात फिरवला होता, पण दोन्हीकडे मरण त्या धातुसाधितातच आहे, ते तिथून हललेलं नाही. पुढे तिची एक मुलगी आणि एक मुलगा जातात तेही कंसातच. जगाच्या हिशेबात वारा मुख्य वाक्यात आणि माणसं कंसात.

मला हे वाचून आमच्याकडचे फोन आठवले. आमच्याकडे कोणी गेलं की फोनवर पहिलं वाक्य कधीच 'अमुक गेले' असं नसतं. 'अगं, त्यांना परवापासून बरं नव्हतं ना, तर रात्री मग ॲडमिट केलं, आणि आता सकाळी अकराला नेणारेत.' झालं, गेले हा शब्दच नाही वाक्यात, आणि आपल्याला मात्र 'नेणारेत'ला सगळं कळतं.

तेव्हापासून मी उलटं वाचायला लागलेय. मुख्य वाक्य शोधते जरूर, त्याशिवाय उभं राहायला जागा मिळत नाही, पण ते सापडलं की बाजूला ठेवते आणि बघते की लेखकानं 'व्हिच'च्या मागे, 'बिकॉज'च्या पोटात, दोन कॉमांच्या मध्ये काय सरकवलंय. जेन ऑस्टिनमध्ये हे फार मजेदार असतं, 'एमा' कादंबरीत नायिका एमाबद्दल पहिल्याच वाक्यात सगळं गोड गोड, सुंदर, हुशार, श्रीमंत, आणि मध्ये हळूच एक 'सीम्ड', म्हणजे वाटत होतं बरं का, आहे असं म्हटलेलं नाही. त्या एका शब्दावर पुढची अख्खी कादंबरी उभी.

या मे महिन्यात अकोल्याला गेले होते तेव्हा फॉकनर बॅगेत होता. दुपारी आत्याकडे, खिडक्या बंद, कूलरचा आवाज, आणि मी फोनच्या उजेडात वाचतेय. आत्यानं विचारलं काय वाचतीस एवढं डोळे फोडून. म्हटलं एक म्हातारी आहे अमेरिकेतली, बंद खोलीत बसून जुनं सांगते. मग तिला ते पहिलं वाक्य सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, बोलल्यासारखं, बसलेत दोघं, त्या तिच्या बापाच्या खोलीत, त्रेचाळीस वर्षं खिडकी नाही उघडली बघ, कारण ती लहान होती तेव्हा कोणाला तरी वाटलं होतं की उजेडानं उकाडा होतो. असं सांगताना भाषांतराचा काही त्रासच झाला नाही. धुळीच्या पट्ट्यांपर्यंत मी पोचलेच होते, तर आत्यानं थांबवलं.

"कोनाले वाटलं होतं?"

म्हटलं, ते दिलेलं नाहीये. नुसतं 'कोणीतरी' आहे.

"असं कसं? त्रेचाळीस वर्सं पोरीले अंधारात ठेवलं, अन् नाव नाही लिवलं त्याचं?"